हीटरच्या प्लगला हात लावून बघा

पंचवीस वर्षं वायरमनचं काम करतोय. घरात शिरलो की आधी एकच करतो. हीटर, गीझर, इस्त्री यातलं जे अर्धा तास चालू असेल त्याचं बटण बंद करतो, प्लग काढतो आणि त्याच्या पाठीवर बोटं टेकवतो. जरासा कोमट असेल तर चालतं. हात झटकावा लागला तर सॉकेट गेलाय असं समजायचं.

होतं असं, की सॉकेटमधल्या पत्र्याची पकड सैल पडते. पिन नीट टेकत नाही आणि सगळा करंट एवढ्याशा ठिपक्यातून जातो. तिथे तापतं, तापल्यावर पत्रा काळा पडून आणखी सैल होतो, मग आणखी तापतं. ‘एमसीबी आहे ना’, असं गिऱ्हाईक हमखास म्हणतं. एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, जादा लोड आणि शॉर्टसर्किट ओळखतो. सैल जोडात करंट वाढतच नाही, मग तो पडेल कशाला?

सॉकेट तपकिरी पडला असेल, करपल्याचा वास येत असेल किंवा प्लग आपल्याच वजनाने खाली लोंबत असेल, तर नवा सॉकेट बसवून घ्या. टेप गुंडाळून भागवू नका. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर खेचतो. ६ अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर तो लावणं म्हणजे दीडपट ओझं. त्यात वायर वेटोळं करून गालिच्याखाली सारलेली असली, की उष्णतेला बाहेर पडायला वाटच उरत नाही.

एवढं सगळ्यांना सांगणाऱ्या माझ्या घरात पेट घेतला तो मात्र कढईतल्या तेलाने. गॅसवर कढई ठेवली आणि फोनवर बोलत बाहेर गेलो. तेल पेटण्याआधी धुरावतं, तो इशारा बघायला कुणी नव्हतं. परत आलो तर ज्वाळा, आणि बायकोच्या हातात भांडंभर पाणी. ओरडून थांबवलं. पाणी तेलापेक्षा जड. ते खाली जातं, क्षणात वाफ होऊन सुमारे १७०० पट फुगतं आणि पेटतं तेल चहूकडे उडवतं. गॅस बंद केला, बाजूने सरकवत झाकण ठेवलं. कढई उचलायची नाही. झाकण पुरतं निवेपर्यंत काढायचं नाही. मी पाच मिनिटांनी डोकावलो, तेल परत भडकलं.

गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, सगळे बाहेर. दिव्याचं बटण लावू नका आणि बंदही करू नका, ठिणगी दोन्ही वेळा पडते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो.

झोपेत धुराचा वास जाग आणेल या भरवशावर राहू नका. झोपायच्या खोल्यांबाहेर छताला स्मोक अलार्म लावा, महिन्यातून एकदा बटण दाबून वाजवून बघा, १० वर्षांनी नवा घ्या. त्यातली बॅटरी खेळण्यात गेलेली मी बऱ्याच घरांत पाहिली आहे. खोल्यांची दारं लावून झोपलात तर धूर आणि आग बराच वेळ बाहेर अडते.

आणि एकदा रात्री दिवे घालवून सगळ्यांना बाहेर पडायला लावा. धूर वर चढतो, म्हणून रांगत. दार उघडण्याआधी त्याला हाताची पाठ लावायची. गरम असेल तर दुसरी वाट. लिफ्ट नाही, परत आत जाणं नाही, भेटायची जागा आधीच ठरलेली.

आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा आई चष्मा चाचपत बसली. दुसऱ्या खेपेला ती सगळ्यांत आधी दाराशी पोचली, पण दाराला कुलूप होतं आणि मी आतल्या खोलीत किल्ली शोधत होतो. आता किल्ली दाराशेजारी खिळ्याला असते, धाकटीचा हात पोचेल इतक्याच उंचीवर.