बँड पावलं नाही, मनगट मोजतो: या चुका टाळा

गेल्या पावसात काकीने मनगटावरचा पावलं मोजणारा बँड काढून माझ्यासमोर ठेवला. "मी चल्लंय, पण ह्येका कळाक नाय." पाखाडी उतरून बाजार, भाजीची पिशवी घेऊन परत वर, आणि आकडा जेमतेम हजाराच्या आसपास. त्याच दुपारी ती आडाळ्यावर नारळ खवायला बसली, तर बसल्या जागी दीडशे पावलं वाढली.

बँड बिघडला नव्हता. त्याला पाय दिसतच नाहीत. आतला अ‍ॅक्सेलरोमीटर मनगटाचे हिसके तीन दिशांनी टिपतो आणि त्यात चालण्यासारखा ताल सापडला की पाऊल धरतो. नारळ खवताना ताल असतो. छत्री धरलेल्या हाताला तो नसतो.

म्हणून आपल्याकडे सगळ्यात मोठी चूक पावसाळ्यात होते. एका हातात छत्री, दुसऱ्यात पिशवी, आणि बँड छत्रीच्या हातात! डोक्यावर हंडा घेऊन तो हाताने धरला तरी हेच. निदान बँड मोकळा झुलणाऱ्या हातात घाला आणि अ‍ॅपमध्ये डावा-उजवा हात बदलायला विसरू नका. दोन्ही हात अडकलेले असतील तर पँटच्या खिशातला फोन जास्त खरं बोलतो, कारण तो कमरेजवळ हलतो. (बायकांच्या गाऊनला खिसा का शिवत नाहीत, हा वेगळाच विषय.) खिसा नसेल तर बँड घोट्याला बांधून बघा. अगदी सावकाश चालणाऱ्यांसाठीही हाच उपाय. ताशी ३ किलोमीटरच्या खाली हिसके इतके मंद होतात की मनगटावरचे बँड बरीच पावलं गाळतात. गुडघे धरून चालणाऱ्या आजोबांना "आज काही चालला नाहीत" म्हणण्याआधी हे लक्षात घ्या.

घरातल्या घरातही असंच होतं. बरेच बँड सुरुवातीची काही पावलं सलग पडेपर्यंत थांबतात, नुसत्या हातवाऱ्याला चालणं समजू नये म्हणून. त्यामुळे चूल ते पडवी अशा चार-चार पावलांच्या फेऱ्या दिवसभर घातल्या तरी त्यातल्या कितीतरी हिशेबात येत नाहीत. उलट खड्ड्यांच्या रस्त्यावर स्कूटर चालवली तर फुकटची पावलं मिळू शकतात.

आकडा खरा की खोटा, हे घरीच तपासता येतं. आधीचा आकडा लिहून ठेवा, मनात मोजत बरोबर २०० पावलं चाला, थांबा, अर्धा मिनिट जाऊ द्या (स्क्रीनवर आकडा उशिरा येतो), मग बघा. १९० ते २१० दरम्यान वाढला असेल तर तक्रार नको. हीच २०० पावलं पुन्हा एकदा छत्री धरून आणि एकदा रोजच्या संथ चालीने चाला. काकीचे तीन आकडे आले १९६, ८८ आणि १४१. भांडण तिथेच मिटलं.

अंतराचं गणित निराळं. जीपीएस बंद असताना बँड पावलांना पावलाच्या लांबीने गुणतो, आणि ती लांबी तुमच्या उंचीवरून अंदाजाने काढलेली असते. रस्त्यावरच्या एका किलोमीटरच्या दगडापासून पुढच्यापर्यंत चाला. १,६०० पावलं लागली तर तुमचं पाऊल ६२.५ सेंटिमीटरचं. अ‍ॅपमध्ये सोय असेल तर तेवढं भरा. जीपीएस वापरत असाल तर सिग्नल मिळाल्यावरच निघा. माडा-पोफळींच्या दाट वाडीत तो भरकटतो, उघड्या किनाऱ्यावर बरा चालतो.

किनाऱ्यावरचा घोळ कॅलरींचा. ओहोटीच्या घट्ट ओल्या वाळूवर आणि वरच्या भुसभुशीत वाळूवर पावलं सारखीच दिसतात, पण मऊ वाळूत त्याच वेगाने चालायला टणक जमिनीच्या दुपटीहून जास्त ऊर्जा लागते. पायाखाली काय आहे, हे हिसक्यांवरून बँडला समजत नाही. कॅलरीचा आकडा बघून एक घावन जास्त खाणारे आमच्या घरातही आहेत. पण बँडने उलट तो आकडा फुगवून सांगितला असेल तर घावन फुकट नाही.

आणि १०,००० पावलांचा धसका घेऊ नका. १९६५ साली जपानमध्ये 'मानपो-केई' नावाचं पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं. नावाचा अर्थच दहा हजार पावलांचं मापक. आकडा तिथून रुळला, डॉक्टरच्या चिठ्ठीतून नव्हे.

हात मोकळा ठेवून, नेहमीच्या वेगाने चालूनही २०० ला १५०च दिसत असतील, तर पट्टा घट्ट करा, बॅटरी वाचवण्याचा मोड बंद करा, सॉफ्टवेअर अपडेट करून बँड पुन्हा सुरू करा. तरीही तेच, तर वॉरंटीची पावती शोधायला घ्या.