बीएक्सओ: एमसीएच युरॉलॉजीच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्यांसाठी

एमएस करून युरॉलॉजीला आलात की पहिले काही महिने मुतखडा आणि प्रोस्टेट यांतच निघून जातात. बीएक्सओ (बॅलॅनायटिस झेरोटिका ऑब्लिटरन्स), म्हणजे पुरुषांच्या जननेंद्रियाचा लायकेन स्क्लेरोसस, कातडी पांढरी आणि ताठर करणारा आजार, वर्गात एका स्लाइडवर उरकतात. ओपीडीत तो ‘स्ट्रिक्चर, वारंवार डायलेटेशन’ (मूत्रमार्ग अरुंद, सळी घालून वारंवार रुंद केलेला) अशा चिठ्ठीआड लपून येतो. अशी चिठ्ठी हातात पडली की डायलेटर मागवू नका. आधी दार लावा, रुग्णाला झोपवा आणि नीट बघा.

“काका, धार कशी आहे?” विचारलं की उत्तर येतं, “दोन धारा फुटतात साहेब, पायावर पडते. आता बसूनच करतो.” बघितल्यावर लघवीच्या तोंडाभोवती पांढरं, घट्ट कडं दिसतं, छिद्र कधीकधी टाचणीच्या डोक्याएवढं उरलेलं असतं. पुढची कातडी मागे सरत नाही. बरेच जण याला कोड समजून वर्षं काढतात. पण कोडात फक्त रंग जातो, कातडी मऊच राहते. इथे ती बोटाला जाड, ताठर लागते. मेडिकलवाल्याने दिलेलं स्टिरॉइड-अँटिफंगलचं मिश्र मलमही बहुधा लावून झालेलं असतं, तेव्हा ते विचाराच.

व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, कारण म्हणून नुसतं ‘ऑटोइम्यून’ (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणं) सांगून सुटका होत नाही. थायरॉइडचे आजार आणि कोड यांच्याशी संबंध आढळतो, स्त्री-रुग्णांच्या रक्तात ईसीएम-१ या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या आहेत. पुरुषांत मात्र पुरावा तेवढा भक्कम नाही. कातडीखाली साचून राहणाऱ्या लघवीच्या थेंबांकडेही बोट दाखवलं जातं. मला स्वतःला हे दुसरं कारण ओपीडीत जास्त पटतं, पण परीक्षेत दोन्ही सांगा.

आजार कातडीपुरता असेल तर क्लोबेटासोल ०.०५ टक्के हे स्टिरॉइड मलम आणि गरज पडल्यास सुंता, एवढ्यावर बऱ्याच जणांचं भागतं. मूत्रमार्गात शिरला की खेळ बदलतो. युरोफ्लोचा, म्हणजे धारेचा वेग मोजणाऱ्या तपासणीचा, आलेख डोंगरासारखा न चढता सपाट पठारासारखा पसरतो, आरजीयूवर (मूत्रमार्गात औषध भरून काढलेल्या एक्स-रेवर) कधी अख्खा पुढचा मूत्रमार्ग दोरीसारखा बारीक दिसतो. त्याची दुरुस्ती तिथल्याच कातडीने करायची नाही, कारण आजार त्या कातडीचाच आहे, तो परत येतो. म्हणून गालाच्या आतलं अस्तर घेतात. पुण्याच्या डॉ. संजय कुलकर्णींनी २००९ साली प्रसिद्ध केलेलं तंत्र याच कामाचं: वृषणांमागे पेरिनियममध्ये (वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या भागात) एक काप, मूत्रमार्ग एकाच बाजूने सोडवायचा, दुसऱ्या बाजूचा रक्तपुरवठा शाबूत ठेवायचा. संधी मिळाली तर ही शस्त्रक्रिया प्रत्यक्ष बघा. पुस्तकातल्या चित्रावरून ती डोक्यात बसत नाही.

आता आपल्याकडची खरी अडचण. रुग्णाला तोंड उघडायला सांगा. तीन बोटं उभी आत जात नसतील, गालाचं अस्तर पांढरट आणि चिवट लागत असेल, तर गुटखा किंवा सुपारीने काम बिघडवलेलं आहे आणि ग्राफ्ट (मूत्रमार्गाला जोडायचा अस्तराचा तुकडा) चांगला मिळणार नाही. ही तपासणी ॲडमिशनच्या दिवसावर ढकलू नका. पहिल्याच भेटीत करा आणि गुटखा त्याच दिवशी बंद करायला लावा. वय जास्त असेल, गाल गेलेले असतील, तर पेरिनियल युरेथ्रोस्टॉमी, म्हणजे वृषणांमागे लघवीला नवं तोंड करून देणं, हाही चांगला पर्याय आहे. बसून लघवी करायची त्यांना सवय झालेलीच असते. नातेवाइकांची समजूत घालायलाच जास्त वेळ लागतो.

हा संसर्ग नाही, बायकोला लागत नाही, हे कुणी विचारायची वाट न पाहता सांगा. काढलेली कातडी पॅथॉलॉजीकडे पाठवा आणि फॉर्मवर ‘बीएक्सओ?’ असं स्पष्ट लिहा. यात पुढे स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर, होण्याचा धोका असतो, आणि धार मोकळी झाली की रुग्ण यायचे बंद होतात. म्हणून डिस्चार्ज कार्डावर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून द्या: जखम भरत नसेल, गाठ लागली किंवा रक्त आलं, तर तारखेची वाट न बघता या.