मदरबोर्डवर एम.२ स्लॉट उरला नाही? कार्डावर एसएसडी अशी बसवा

मदरबोर्डवर एम.२चा, म्हणजे पातळ पट्टीसारखी एसएसडी (साठवणीची वेगवान डिस्क) थेट बसवायचा स्लॉटच नसेल, किंवा होता तो कधीच भरला असेल, तर लगेच नवा संगणक घ्यायला नको. ग्राफिक्स कार्ड ज्यात बसतं, तसे पीसीआय एक्सप्रेसचे एक-दोन स्लॉट बहुतेक डेस्कटॉपमध्ये रिकामे पडलेले असतात. त्यात एक छोटं ॲडॉप्टर कार्ड लावायचं आणि त्या कार्डावर एनव्हीएमई, म्हणजे पीसीआय एक्सप्रेसवरून चालणारी एसएसडी बसवायची. स्क्रूड्रायव्हर हातात घेतल्यावरचं काम फार तर अर्ध्या तासाचं. खरा वेळ द्यायचा तो खरेदीआधी, कारण फसगत बहुधा तिथेच होते.

आधी स्लॉटची चौकशी

स्लॉटच्या लांबीवर विश्वास ठेवू नका. दिसायला पूर्ण लांबीचा एक्स१६ (सोळा लेनचा) स्लॉट आतून फक्त चार लेनचा (लेन म्हणजे डेटाची वाट) असू शकतो, कधी कधी तर एकाच लेनचा. मदरबोर्डचं मॉडेल नाव बोर्डावरच छापलेलं असतं. त्या नावाने कंपनीच्या संकेतस्थळावरून मॅन्युअल उतरवा आणि विस्तार स्लॉटचा तक्ता वाचा. दोन गोष्टी बघायच्या: स्लॉटला प्रत्यक्षात किती लेन मिळतात आणि पीसीआयईची (पीसीआय एक्सप्रेसची) पिढी कोणती.

एका लेनचा वेग दुसऱ्या पिढीत सेकंदाला सुमारे ५०० एमबी, तिसरीत साधारण ९८५ आणि चौथीत त्याच्या दुप्पट. म्हणजे तिसऱ्या पिढीच्या चार लेन मिळाल्या की ३,९०० एमबीच्या आसपास मर्यादा आली. सॅटा या जुन्या जोडणीवरची एसएसडी ५५० एमबीच्या पुढे जात नाही. त्यामुळे तिसऱ्या पिढीची एकच लेन मिळत असली, तरी सौदा तोट्याचा नाही. फक्त मग एक्स१चंच कार्ड घ्यावं लागेल, कारण एक्स४चं कार्ड बंद टोकाच्या छोट्या स्लॉटमध्ये शिरत नाही.

त्याच तक्त्याखाली बारीक अक्षरात तळटीपा असतात, त्या न चुकता वाचा. अमुक स्लॉट भरला की तमुक सॅटा पोर्ट बंद, किंवा ग्राफिक्स कार्डाच्या सोळा लेनच्या आठ होणार, असं तिथे लिहिलेलं असतं. आठ लेनवर ग्राफिक्स कार्डाचं फारसं अडत नाही. पण जुनी हार्ड डिस्क अचानक दिसेनाशी झाली की माणूस नव्या एसएसडीला दोष देत बसतो आणि कारण असतं ते त्या तळटीपेत.

एसएसडी आणि कार्ड निवडताना

एम.२ हा नुसता आकार आहे. त्या आकारात सॅटा एसएसडीही मिळते आणि एनव्हीएमईही. साध्या ॲडॉप्टर कार्डावर फक्त एनव्हीएमई चालते. सॅटावाली त्यात नीट बसली तरी संगणकाला दिसणार नाही. काही कार्डांवर दोन जागा असतात, एक एनव्हीएमईची आणि एक सॅटाची. त्यातल्या सॅटाच्या जागेपासून मदरबोर्डपर्यंत वेगळी सॅटा केबल ओढावी लागते. खोक्यावर ‘एनव्हीएमई’ किंवा ‘पीसीआयई’ लिहिलंय ना, हे बघूनच पैसे द्या. सोन्याच्या पट्टीवरच्या खाचा मोजून ओळखण्याची युक्ती नेहमी खरी ठरत नाही. लांबी बहुतेकींची २२८०, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब.

एका एसएसडीचं कार्ड म्हणजे जवळजवळ नुसती तारांची जोडणी. त्यात महागडं काही शोधत बसू नका. चार एसएसडींचं कार्ड मात्र वेगळं प्रकरण आहे. त्यातली स्वस्त कार्डं मदरबोर्डच्या बायफर्केशनवर अवलंबून असतात: सोळा लेनचे चार-चारचे गट पाडण्याची सोय बायोसमध्ये (विंडोजआधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) हवी. ती नसेल तर चारपैकी एकच एसएसडी दिसते. स्वतःची स्विच चिप असलेल्या कार्डांना ही अट नाही, पण त्यांची किंमत बरीच जास्त असते. घरच्या वापराला एका एसएसडीचं कार्ड पुरतं, असं माझं मत.

जुन्या मदरबोर्डवर पाचव्या पिढीची एसएसडी चालते, पण स्लॉटच्याच वेगाने. तो जादाचा पैसा क्षमतेवर घाला.

आणखी एक प्रश्न: यावरून विंडोज सुरू करायचंय, की फक्त फाइली ठेवायच्यात? साठवणीसाठी विंडोज १० किंवा ११ला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. बूट करायचं तर मदरबोर्डच्या यूईएफआयला (नव्या प्रकारच्या बायोसला) एनव्हीएमई ओळखता आलं पाहिजे. २०१४च्या आधीच्या बऱ्याच बोर्डांना ते जमत नाही.

बसवणं

महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप घ्या. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, कारण हार्डवेअर किंवा बायोस बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं.

संगणक बंद करा, मागची पॉवर केबल काढा आणि पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, मगच एसएसडीला.

एसएसडी आधी कार्डावर बसवा, संगणकाबाहेर, टेबलावर. ती तिरकी आत सरकवायची असते; हात सोडला की शेपटी वर उचललेलीच राहते. घाबरू नका, ती तशीच असते. हलकेच खाली दाबून टोकाचा इवलासा स्क्रू लावा. पिळवटून घट्ट करू नका. सोबत हीटसिंक (उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी) असेल तर थर्मल पॅडवरचं पारदर्शक प्लास्टिक सोलून काढा. ते राहून गेलं तर उष्णता हीटसिंकपर्यंत नीट पोचतच नाही.

आता कॅबिनेटच्या मागची पट्टी काढा, कार्ड स्लॉटवर सरळ धरा आणि दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या. सोनेरी पट्टी दिसेनाशी झाली की कार्ड बसलं. मग ब्रॅकेटचा स्क्रू लावा. छोट्या कॅबिनेटला कमी उंचीची ब्रॅकेट लागते. जागा निवडता येत असेल तर ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यापासून लांबची घ्या.

चालू केल्यावर

नवी एसएसडी ‘धिस पीसी’मध्ये आपोआप येत नाही. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. ते इनिशियलाइझ करायला विचारेल, तिथे जीपीटी निवडा. मग रिकाम्या जागेवर उजवी क्लिक करून न्यू सिंपल व्हॉल्यूम घ्या आणि एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. डिस्कचा आकार बघून खात्री करा, भलत्याच डिस्कवर क्लिक नको.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये काहीच नसेल तर बायोसमध्ये बघा. तिथेही नसेल तर कार्ड काढून पुन्हा बसवा, मग दुसरा स्लॉट वापरून बघा.

शेवटी क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम उघडून ‘ट्रान्सफर मोड’ वाचा. तिथे चालू जोडणी आणि एसएसडीची कमाल जोडणी शेजारीशेजारी दिसतात. मॅन्युअलनुसार चार लेन मिळायला हव्यात आणि एक्स१ दिसतंय, तर कार्ड पूर्ण बसलेलं नाही किंवा स्लॉट चुकलाय. तापमानही तिथेच दिसतं. मोठी फाइल कॉपी करताना ते ८० अंशांच्या आसपास जाऊन वेग गडगडत असेल, तर हीटसिंक लावायलाच हवा.