वेबपानावरचा तक्ता सीएसव्ही, एक्सेल आणि पीडीएफमध्ये कसा उतरवावा

समजा, लातूरच्या मोंढ्यातल्या आवकेचा तक्ता पानावर आहे: गाव, गट क्रमांक, शेतमाल, क्विंटल, दर. त्याखाली ‘डाउनलोड’ बटण द्यायचंय.

आधी सीएसव्ही करा, म्हणजे स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल. त्याला जावास्क्रिप्टची वेगळी लायब्ररी (तयार कोड) लागत नाही. क्वेरीसिलेक्टरऑलने तक्त्याचे सगळे टीआर (ओळी) घ्या, प्रत्येकातल्या टीएच-टीडीचा (पेशींचा) टेक्स्टकंटेंट ट्रिम करून घ्या. दर ‘4,350’ असा लिहिला असेल तर स्वल्पविरामावर तुटून त्याचे दोन रकाने होतात. म्हणून प्रत्येक मजकूर दुहेरी अवतरणात ठेवा. आत अवतरण आलंच तर ते दोनदा लिहा. रकाने स्वल्पविरामाने आणि ओळी सीआर-एलएफने (ओळ संपल्याच्या खुणेने) जोडा. या मजकुराचा ब्लॉब (ब्राउझरच्या स्मृतीतली फाइलसारखी वस्तू) बनवा, क्रिएटऑब्जेक्टयूआरएलने त्याचा पत्ता घ्या, ए टॅगच्या डाउनलोड गुणधर्मात फाइलचं नाव घालून कोडमधूनच क्लिक करा.

फाइल उघडल्यावर ‘सोयाबीन’च्या जागी भलतीच चिन्हं दिसली तर दोष फॉन्टचा नाही. मजकूर यूटीएफ-8 या अक्षरसंकेतात आहे हे एक्सेलला कळलेलं नसतं. ब्लॉबच्या टाइपमध्ये कॅरसेट लिहून भागत नाही, कारण ते फाइलच्या आत जात नाही. मजकुराच्या अगदी सुरुवातीला बीओएम, म्हणजे यू+एफईएफएफ हे न दिसणारं खुणेचं अक्षर जोडा.

खरा घोळ गट क्रमांकाचा. ‘5/2’ दिसलं की एक्सेल त्याची तारीख करतं, आणि अवतरणं त्याला अडवू शकत नाहीत. असे रकाने असतील तर सीएसव्हीचा नाद सोडून शीटजेएस या जावास्क्रिप्ट लायब्ररीने एक्सएलएसएक्स (एक्सेलची स्वतःची फाइल) द्यावी. टेबल_टू_बुकला तक्ता देताना रॉ पर्याय ट्रू ठेवा, म्हणजे पेशींतला मजकूर जसाच्या तसा राहतो, मग राइटफाइलने फाइल लिहा. पण आता दरही मजकूर म्हणूनच जातात आणि बेरीज शून्य येते! त्यामुळे लिहिण्याआधी क्विंटल आणि दराच्या पेशींतले स्वल्पविराम काढून त्यांचा प्रकार ‘एन’ (संख्या) करा. एचटीएमएललाच एक्सएलएस नाव देण्याची युक्ती टाळलेली बरी. फाइल उघडताना एक्सेल इशारा देतं.

पीडीएफसाठी जेएसपीडीएफ ही लायब्ररी मराठीत दगा देते. देवनागरी फॉन्ट जोडला तरी जोडाक्षरं आणि वेलांट्या जागेवर बसत नाहीत. ‘क्विंटल’ लिहून पाहा. त्यापेक्षा विंडो.प्रिंटने ब्राउझरची छपाई उघडा, तिथून पीडीएफ म्हणून जतन करता येतं, आणि छपाईच्या सीएसएसमध्ये बटणं लपवा. शीर्षकाची ओळ टीहेडमध्ये असेल तर ब्राउझर ती सहसा प्रत्येक पानावर छापतो.

तक्ता पानापानांत विभागलेला असेल तर वरच्या रीतीने बहुधा दिसतात तेवढ्याच ओळी उतरतात. तिथे तक्ता न वाचता त्यामागचा मूळ डेटा वापरा.