आखातात नोकरीला जाण्यापूर्वी आणि गेल्यानंतर: कागद, विमा आणि दाद मागण्याची वाट

खेड, दापोली, राजापूर या भागांतून कुवेत, दुबई, सौदीला कामासाठी जाणे नवे नाही. तरीही मुलगा विमानात बसेपर्यंत त्याच्या हातात नेमका कोणता व्हिसा आहे हे अनेक घरांत कोणालाच ठाऊक नसते, आणि पुढच्या बऱ्याच हालअपेष्टांचे मूळ तिथेच असते. भारत सरकारने परदेशी काम करणाऱ्यांसाठी केलेल्या सोयी उपयोगाच्या आहेत, पण त्यांचा पुरता लाभ नोकरीच्या व्हिसावर, रीतसर नोंद करून गेलेल्यालाच मिळतो. म्हणून पुढची चौकशी एजंटाला पहिला रुपया देण्यापूर्वी करावी.

आधी पासपोर्टवर आईवडिलांची नावे आणि पत्ता असलेले पान पाहावे. पासपोर्टवर ‘ईसीआर’ (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे परदेशी जाण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक) अशी नोंद असेल, तर सौदी अरेबिया, अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहरीन, मलेशिया अशा 18 देशांत नोकरीला जाण्यासाठी 1983 च्या कायद्यानुसार सरकारची परवानगी लागते. दहावी उत्तीर्ण व्यक्तीला ती लागत नाही. दहावी होऊनही जुनी नोंद राहिली असल्यास प्रमाणपत्र जोडून पासपोर्ट नव्याने काढून घेता येतो. या परवानगीला अडथळा समजू नये, कारण ती देताना मालकाचे नाव, पगार आणि करार ‘ई-मायग्रेट’ या सरकारी पोर्टलवर चढतात आणि उद्या मालकाने हात वर केले, तर हीच नोंद आपल्या बाजूने बोलते. ईसीआर पासपोर्ट असलेल्या 30 वर्षांखालील महिलांना या देशांत नोकरीसाठी परवानगी मिळत नाही. त्यांना ‘आधी व्हिजिटवर पाठवतो, मग बघू’ असे सांगणारा माणूस त्यांना उघड्यावर टाकतो आहे, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

एजंटाकडे परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना असावा लागतो. त्याच्या कार्यालयातल्या भिंतीवरचा चौकटीतला कागद पाहून समाधान मानू नये. परवाना क्रमांक लिहून घ्यावा, ‘ई-मायग्रेट’वर शोधावा, आणि नाव, पत्ता व मुदत तिन्ही जुळतात का ते पाहावे. गावात फिरून पासपोर्ट गोळा करणाऱ्या मध्यस्थाला कायद्यात स्थान नाही. एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो, आणि त्याची पावती त्याने दिलीच पाहिजे. लाख-दीड लाख रोख मागून ‘पावती नंतर देतो’ म्हणणाऱ्याच्या दारातून तसेच परत फिरावे.

‘आझाद व्हिसा’ हा शब्द कानाला गोड लागतो, पण त्यात कागदावर कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, एक आणि प्रत्यक्ष काम दुसरीकडे असते; पकडले गेल्यास गुन्हेगार मजूर ठरतो. कराराची प्रत निघण्यापूर्वीच हाती घ्यावी. त्यात मूळ पगार किती आणि भत्ते किती, हे वेगवेगळे लिहिलेले पाहावे, कारण अमिरातीत नोकरी संपल्यावर मिळणारी रक्कम मूळ पगारावर मोजली जाते आणि एकूण आकडा मोठा दाखवून मूळ पगार लहान ठेवलेला असतो.

ईसीआर पासपोर्टवर जाणाऱ्यांना प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांसाठी 275 आणि तीन वर्षांसाठी 375 रुपये, त्यावर कर, एवढ्या हप्त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास 10 लाख रुपयांचे संरक्षण मिळते. मी एका घरी कागद पाहायला गेलो होतो. त्या माउलीने गोदरेजच्या कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी काढून पॉलिसी दाखवली. वारसाच्या रकान्यात सासऱ्यांचे नाव होते, आणि ते वारून दोन वर्षे झाली होती. म्हणून वारसाचे नाव आणि त्याचे स्पेलिंग आधारकार्डाशी ताडून पाहावे, करार वाढला की विमाही वाढवावा, आणि पासपोर्ट, व्हिसा, करार, पॉलिसी यांची एक प्रत घरी ठेवावी.

तिकडे गेल्यावर मालकाने पासपोर्ट ठेवून घेतला, पगार थकवला किंवा करारापेक्षा वेगळे काम दिले, तर दूतावासाकडे जाता येते, आणि ते जमत नसेल तर घरचे लोक इथून परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवू शकतात. 2015 पासून चालू असलेल्या या पोर्टलवर तक्रारीला क्रमांक मिळतो. तो जपून ठेवावा आणि प्रत्येक पत्रात लिहावा. तक्रारीत ‘फार त्रास देतात’ एवढेच न लिहिता कंपनीचे नाव, पासपोर्ट क्रमांक, इकाम्याचा (तिथल्या वास्तव्य परवान्याचा) क्रमांक आणि कोणत्या महिन्यापासून पगार नाही हे लिहावे. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा भारतातला निःशुल्क क्रमांक 1800 11 3090 आहे.

खरोखर निराधार झालेल्यांसाठी दूतावासांकडे 2009 पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. निवारा, परतीचे तिकीट, तातडीचे उपचार, कायदेशीर मदत यांसाठी तो परिस्थिती पाहून वापरला जातो. मृतदेह मायदेशी आणण्याची जबाबदारी सहसा मालकाची असते. त्याने ती टाळली तर या निधीतून खर्च मागता येतो. अशा वेळी दूतावासाला कुटुंबाचे लेखी संमतिपत्र लागते, आणि शोकात असलेल्या घराकडून तोच कागद राहून जातो. तेव्हा नातेवाइकांपैकी एकाने पुढे होऊन तो पहिल्याच दिवशी करून घ्यावा.

थकलेला पगार सोडून परत यायची वेळ आली, तर निघण्यापूर्वी तिथल्या कामगार खात्यात तक्रार दाखल करावी आणि दाव्याचा पाठपुरावा करण्यासाठी दूतावासाच्या सल्ल्याने मुखत्यारपत्र करून द्यावे. इथे पोहोचल्यावर तो दावा नव्याने उभा करणे फार कठीण जाते.