"आप्पा, आता तुम्हीच सांगा": नव्या मध्यस्थांसाठी

चाळीस तासांचं प्रशिक्षण झालंय, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नाव गेलंय, असं धरूनच लिहितो.

खान्देशात पहिलं प्रकरण बहुधा बांधाचं नाहीतर सामाईक विहिरीचं येईल. मोठा भाऊ म्हणेल, "यानी मना बांध कोरी टाका," म्हणजे याने माझा बांध कोरला. धाकटा मोजणीचा नकाशा टेबलावर पसरेल. तासाभराने दोघं दमतील आणि तुमच्याकडे वळतील, "आप्पा, आता तुम्हीच सांगा. तुम्ही सांगशात तसं."

सांगायचं नाही. नकाशा स्पष्ट असला तरी नाही, दोघांनी हात जोडले तरी नाही. "तुम्ही सांगाल तसं" म्हणणाऱ्या दोघांच्याही मनात "माझ्या मनासारखं सांगा" हेच असतं. "अर्धं-अर्धं करा" एवढं जरी बोललात, तरी तुम्ही पंच झालात. ज्याला ते टोचलं तो सही करेल, आणि पेरणीच्या आधी बांध पुन्हा कोरला जाईल. मला आजही त्या क्षणी जीभ आवरणं जड जातं. तेव्हा मी एवढंच विचारतो, "उद्यापासून मोटार कोण चालू करणार?" मग बांध बाजूला राहतो आणि आईला कोण सांभाळतंय ते बाहेर येतं. पुढे दोघांशी वेगवेगळं बोला. एकाने खासगीत सांगितलेलं त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कानावर जाता कामा नये.

2007 साली सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेतली जुनी माणसं तालुक्यात अजून आहेत. माणसाला बोलतं कसं करायचं ते त्यांच्याकडून शिका, निवाडा द्यायची सवय तेवढी घेऊ नका. नावाजलेल्या वकिलापेक्षा बैठकीत कमी बोलणारा गुरू बरा, हे माझं ठाम मत. व्हिडिओ पाहून कुणी मध्यस्थ होत नाही.

घाबरू मात्र नका. समझोता झाला नाही तर प्रकरण कोर्टात परत जातं, त्यात तुमची हार नाही. पण घरात मारहाण होत असलेल्या बाईला "जुळवून घे" म्हणायला बसणार असाल, तर हे काम सोडा.

कागदाचंही सांगतो. कोर्टाने पाठवलेल्या दाव्यातल्या समझोत्यावर कोर्ट हुकूमनामा करतं, म्हणजे तो कोर्टाच्या निकालासारखा बजावता येतो. 2023 च्या मध्यस्थी कायद्यातल्या सामुदायिक मध्यस्थीचा, म्हणजे गाव-वस्तीची शांतता बिघडवणाऱ्या तंट्यातला, समझोता तसा बजावता येत नाही, हे दोन्ही बाजूंना आधीच सांगा. मजकूर त्यांच्याच शब्दांत घ्या: गट नंबर, मोजणीची फी कोण भरणार, पाण्याची पाळी कोणत्या वारी, आणि त्या आठवड्यात लाईट रात्रीची असेल तर काय करायचं.