कोमात्सु विमानतळावरून कानाझावाला जाणारी बस चुकल्यास

जपानच्या इशिकावा प्रांतातील कोमात्सु विमानतळाची धावपट्टी, पुण्याच्या लोहगावप्रमाणेच, हवाई दलाची आहे आणि प्रवासी विमाने तीच वापरतात. तेथून कानाझावाला थेट जाणाऱ्या बसगाड्या विमानांच्या आगमनानुसार सुटतात. त्यामुळे सामान मिळण्यास उशीर होऊन बस निघून गेली, तर पुढची बस पुढचे विमान उतरेपर्यंत मिळेलच असे नाही. अशा वेळी टॅक्सी करून थेट कानाझावा गाठण्याची गरज नसते.

१. टर्मिनलसमोरूनच कोमात्सु स्थानकाकडे जाणारी स्थानिक बस घ्यावी. हा प्रवास साधारण बारा मिनिटांचा आहे. ही बसही नसेल, तर टॅक्सी फक्त स्थानकापर्यंतच करावी.

२. मार्च २०२४ पासून होकुरिकु शिंकानसेन ही बुलेट ट्रेन या स्थानकावर थांबते आणि सुमारे दहा मिनिटांत कानाझावाला पोहोचवते. 'त्सुरुगी' किंवा 'हाकुताका' गाडी पाहावी, कारण बहुतेक 'कागायाकी' गाड्या येथे थांबत नाहीत.

३. घाई नसल्यास त्याच स्थानकावरून सुटणारी साधी लोकल अर्ध्या तासाच्या आसपास वेळ घेते, पण बरीच स्वस्त पडते. माझ्या मते सामान थोडे असेल तर हीच बरी.

मात्र जपान रेल पास (जेआर कंपन्यांच्या गाड्यांसाठीचा पर्यटकांचा पास) असलेल्यांनी तो लोकलमध्ये चालेल असे गृहीत धरू नये. शिंकानसेन आल्यापासून हा जुना मार्ग आयआर इशिकावा रेल्वे या वेगळ्या कंपनीकडे गेला असून, कोमात्सु ते कानाझावा प्रवासासाठी तेथे स्वतंत्र तिकीट काढावे लागते. शिंकानसेनमध्ये पास चालतो.